दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो

कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, स्वतः दुखत नाही, कारण तिच्यात मज्जातंतूच नसतात. एमआरआयचा अहवाल हातात घेऊन हबकलेल्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी. मला ती कळेपर्यंत बरेच महिने गेले.

माझ्या अहवालात लिहिलं होतं: उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या अंगाला, मधल्या कंगोऱ्यावर, कूर्चेची ग्रेड तीन हानी. सांध्यात थोडं पाणी. दोन्ही मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधल्या गाद्या, ठीक; सगळी लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, ठीक. ही शेवटची दोन वाक्यं तर मी नीट वाचलीसुद्धा नाहीत. ग्रेड चारपर्यंतच असतात एवढं ठाऊक होतं, त्यामुळे मनातला हिशेब झटकन झाला. अजून एक पायरी, की गुडघा बदली. आणि अजून पंचेचाळिशीही गाठलेली नव्हती.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं आलं तेही मुंगीच्याच पावलांनी. मी कुठे पडले नव्हते, पाय मुरगळला नव्हता. आधी जिना उतरताना वाटीच्या मागे काहीतरी चावल्यागत व्हायला लागलं. चढताना त्या मानाने बरं असायचं. मग बराच वेळ खुर्चीत बसून उठलं की पहिली चार-पाच पावलं आखडून पडायला लागली. उकिडवं बसणं हळूहळू आपोआपच सुटलं. नेमकं कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवता यायचं नाही, वाटीवर अख्खा तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "इथेच कुठेतरी आत." शिवाय कुरकुर. शांत खोलीत मी उठले की शेजारच्या माणसालाही ऐकू जाईल इतकी.

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी मला उभं केलं. एका पायावर थोडं वाकायला लावलं, वाटी बोटांनी डावी-उजवीकडे सरकवून पाहिली, दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक निघाली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक्स-रे उभं राहून आणि गुडघा वाकवून, असे दोन काढले. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि ती कमी झाली असेल तर कूर्चा पातळ झाली असा अर्थ काढायचा. माझी जागा शाबूत होती. म्हणजे सबंध सांधा झिजलेला नव्हता, एका ठिकाणी खड्डा पडला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. "गुडघे गेले" या दोन शब्दांत आपण त्या दोन्ही एकदम कोंबतो.

"ही भरून येईल का, डॉक्टर?"

"कूर्चा? नाही. पण तुम्ही कूर्चा दुखते म्हणून आलात की गुडघा दुखतो म्हणून?"

तेव्हा मला हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटला. घरी येऊन वाचायला बसले, आणि पुढचे काही आठवडे तेच केलं.

सांध्यातली ही कूर्चा म्हणजे काचाभ कूर्चा. पांढरट, गुळगुळीत, गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीची. वाटीच्या मागे मात्र ती याहून जाड असते, शरीरातल्या सगळ्यात जाड कूर्चांपैकी एक. तिच्या वजनाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ पाणी. उरलेल्यात कोलॅजनच्या तंतूंचं जाळं, आणि त्या जाळ्यात अडकून पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकनचे रेणू. पेशी फारच थोड्या, एकूण आकारमानाच्या काही टक्केच. रक्तवाहिन्या नाहीत. त्वचा कापली की रक्त येतं, त्याची गुठळी धरते, जखम भरते. इथे रक्तच पोचत नाही, तर भरायला येणार कोण? या पेशींचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणातून. भार पडला की कूर्चेतलं पाणी बाहेर ढकललं जातं, भार सुटला की ते पोषणद्रव्यं घेऊन परत आत शिरतं. या शेवटच्या वाक्यात सगळ्या व्यायामाचं मूळ आहे, पण तेव्हा मी ते वाचून पुढे गेले.

मला तेव्हा 'भरून येत नाही' हेच खुपत होतं. ते काही नवं नाही. लंडनमधला शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर याने १७४३ साली लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत मिळत नाही. आणि २०१६ साली डॅनिश संशोधकांनी ते फार अजब मार्गाने पडताळलं. १९५०-६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला आणि नंतर उतरत गेला. माणसाच्या शरीरातला कोणताही भाग कोणत्या काळात बांधला गेला याची खूण त्यातल्या कार्बनवरून लागते. गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजन तपासलं तर ते त्या माणसाच्या वाढीच्या वयातलंच निघालं. विशीनंतर त्या जाळ्यात नव्याची भर जवळजवळ पडतच नाही. झिजलेल्या गुडघ्यांतही नाही. थोडक्यात, शाळेत असताना जे कोलॅजन तयार झालं, तेच आयुष्यभर पुरवायचं.

हे वाचून कुणाचाही धीर खचेल. माझाही खचला. मग स्कॉट डाय सापडले.

हे अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद. गुडघ्यातलं नेमकं काय दुखतं हे जाणून घ्यायला त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली, सांध्याच्या आत भूल न देता. जिथून दुर्बीण आत जाते तेवढ्या जागेपुरती भूल दिली होती. आत एकेक भाग सळईने टोचत जायचं आणि त्यांनी किती दुखतंय ते सांगायचं, असा प्रकार. १९९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. वाटीच्या मागची कूर्चा टोचली तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही. गंमत म्हणजे त्यांच्या वाटीच्या मधल्या कंगोऱ्यावर ग्रेड दोन-तीनची हानी होती, माझ्या जागीच, आणि त्यापायी त्यांना कधी काही त्रास नव्हता. सांध्याचं आतलं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी टोचली तेव्हा मात्र कळ मस्तकात गेली.

मग दुखतं ते काय? अस्तर सुजतं ते दुखतं. कूर्चेखालच्या हाडात मज्जातंतू भरपूर असतात. त्याच्यावर भार वाढला की ते दुखतं. चरबीची गादी चिमटली की दुखते. कूर्चा खराब झाल्यामुळे या सगळ्यांना त्रास होऊ शकतो हे खरं, पण खड्डा तेवढाच राहूनही हा त्रास कमी होऊ शकतो. डॉक्टरांच्या प्रश्नाचा अर्थ मला इथे लागला.

आणखी एक आकडा मी वहीत उतरवून ठेवला आहे. पन्नाशीपुढच्या, एक्स-रेत झीज न दिसणाऱ्या ७१० लोकांचे एमआरआय काढले गेले होते. २०१२ साली ते निष्कर्ष आले. त्यातल्या ६९ टक्के लोकांच्या गुडघ्यात कुठे ना कुठे कूर्चेची हानी होती. काही ना काही बिघाड तर ८९ टक्के लोकांत. आणि गुडघा दुखणारे व न दुखणारे यांच्यात या बाबतीत फरक अगदी थोडा. उद्या रस्त्यावरून चालणाऱ्या कुणालाही धरून एमआरआयच्या बोगद्यात घातलं तर अहवालात काही ना काही निघणारच. म्हणून एमआरआय निरुपयोगी ठरत नाही. मेनिस्कस उलटून अडकलंय का, कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरतोय का, हे त्यातूनच कळतं. पण दुखणं किती आहे आणि पुढे काय होणार, याचं उत्तर त्या चित्रात शोधू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

ग्रेडची भानगडही सांगून टाकते. आउटरब्रिज नावाच्या शल्यविशारदाने १९६१ साली वाटीमागच्या कूर्चेच्या हानीच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यात पुढे सुधारणा झाल्या. आज ढोबळमानाने असं धरतात: एक म्हणजे कूर्चा मऊ पडली किंवा वरवर चिरली, दोन म्हणजे अर्ध्या जाडीपर्यंत भेग, तीन म्हणजे अर्ध्याहून खोल, चार म्हणजे हाड उघडं. यात खोली मोजली आहे, वेदना नाही. शिवाय तीननंतर चार येणारच, असं हे वेळापत्रकही नाही.

आता उपचार. डॉक्टरांनी ऑपरेशनचे पर्याय सांगितले आणि त्यातला एकही मला लागू का नाही तेही सांगितलं, म्हणून ते इथे देते. हाडाला बारीक छिद्रं पाडायची, त्यातून रक्त आणि अस्थिमज्जेतल्या पेशी खड्ड्यात उतरतात आणि तिथे खपली धरून नवी कूर्चा तयार होते. ही मायक्रोफ्रॅक्चरची पद्धत अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रुळवली. अडचण अशी की तयार होते ती तंतुमय कूर्चा, मूळच्या काचाभ कूर्चेइतकी दमदार नाही. दुसरी पद्धत मोझेइकप्लास्टी. गुडघ्यातल्याच कमी भाराच्या जागेतून कूर्चेसकट हाडाच्या बारीक दट्ट्या काढून खड्ड्यात बसवायच्या. तिसरी पद्धत स्वीडनमधून आली: आपल्याच कूर्चेतल्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये खड्ड्यात सोडायच्या. ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तिचे पहिले निकाल छापले. त्यातली मेख अशी, की मांडीच्या हाडावरच्या खड्ड्यांचे निकाल चांगले होते आणि वाटीवरच्या खड्ड्यांचे फारसे नव्हते. माझा खड्डा वाटीवर. पुढे तंत्र सुधारलं, पण हे सगळे उपाय मुख्यतः तरुण माणसाच्या, काठ शाबूत असलेल्या, ठसठशीत एकाच खड्ड्यासाठी. त्यानंतर कित्येक महिने सांभाळून राहावं लागतं ते वेगळंच.

"आणि दुर्बिणीने आत नुसतं साफ करून घेतलं तर?" हे मी विचारलंच. ओळखीच्या दोघांनी करून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, २००२ साली अमेरिकेत एक चाचणी झाली. झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांपैकी काहींचं साफसफाईचं ऑपरेशन केलं, काहींचा सांधा नुसता धुतला, आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाहिलं, तिन्ही गट सारखेच. अडकणारा तुकडा असेल तर दुर्बीण घालायची, नाहीतर नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं. एक ऑपरेशन हातचं जात असताना इतकं स्वच्छ सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसला.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. स्टेरॉइडने सूज उतरते, काही आठवडे बरं वाटतं. पण २०१७ सालच्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली, आणि दुखण्यात फरक पडला नाही. एखाद्या वेळी घेणं आणि दर तिमाहीला घेत राहणं यात अंतर आहे. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं पीआरपी इंजेक्शन मला बऱ्याच जणांनी सुचवलं. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ सालच्या चाचणीत वर्षभरानंतर ते खोट्या इंजेक्शनहून सरस ठरलं नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचंही अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००६ साली बहुतांश रुग्णांत तसंच झालं. या तिन्ही चाचण्या झिजलेल्या गुडघ्यांवरच्या. माझ्या एका खड्ड्याला त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत. तरी मी यातलं काहीच घेतलं नाही. वेदनाशामक जेल मात्र ठेवली आहे आणि लागली तर लावते.

राहिली फिजिओथेरपी. खरं काम तिथेच झालं, आणि वेळही तिथेच गेला.

फिजिओथेरपिस्ट माझ्याहून बरीच लहान. पहिल्याच दिवशी तिने मला पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवायला सांगितला. वाटीच्या आतल्या बाजूचा भाग तळव्याने खालून वर, मांडीकडे, दोन-तीनदा पुसून घेतला. तिथे एक खळगा दिसायला लागला. मग बाहेरच्या बाजूने हात वरून खाली एकदाच फिरवला. आतल्या खळग्यात कातडीखाली एक छोटीशी लाट आली आणि तो हळूहळू बुजला. "दिसलं, ताई? हे पाणी. हे असेपर्यंत तुमची मांडी काम करणार नाही."

हे मला नवीन होतं. गुडघ्यात वीस-तीस मिलिलिटर इतकं थोडं पाणी असलं तरी मांडीचा पुढचा स्नायू, त्यातही वाटीच्या आतल्या बाजूचा भाग, नीट आवळला जात नाही. त्यात आळस वगैरे काही नसतो. ताणलेल्या सांध्याकडून निघणारे संदेश मज्जारज्जूतच त्या स्नायूची आज्ञा अडवतात. म्हणजे पाणी असताना कितीही निर्धाराने बैठका मारा, भार स्नायूऐवजी सांध्यावरच जाणार. म्हणून आधी पाणी उतरवायचं. काही दिवस जिने कमी, बर्फाचा शेक, पाय उंच, आणि फक्त गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळणं. तो हात फिरवून बघण्याचा प्रकार मी शिकून घेतला. आजही शंका आली की करते.

मग तिने गणित समजावलं. वाटी ही मांडीच्या हाडाच्या खोबणीतून सरकत्या दारासारखी वर-खाली जाते. सपाटीवर चालताना ती खोबणीवर साधारण शरीराच्या वजनाइतकी किंवा त्याहून कमी दाबली जाते. जिन्यावर तोच दाब वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो. खोल बैठकीत सात-आठ पटींपर्यंत. उतरताना जास्त दुखण्याचं कारण म्हणजे तेव्हा मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीर खाली सोडत असतो. तो दमला की शरीर खाली सोडलं जात नाही, आदळतं. वजनाचाही हिशेब इथेच येतो. झिजलेल्या गुडघ्यांच्या जाड माणसांवर केलेल्या एका अभ्यासात एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झाला होता. मला उतरवण्यासारखं थोडंच होतं, तेवढं उतरवलं.

व्यायामाला एकच नियम. दुखणं दहापैकी मोजायचं. दोनपर्यंत बिनधास्त, पाचपर्यंत चालेल, त्यापुढे गेलं तर थांबायचं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. गुडघा आदल्या दिवसाइतकाच असेल तर तेवढाच व्यायाम पुन्हा, काही दिवसांनी थोडा जास्त. सुजलेला किंवा आखडलेला असेल तर मात्रा उतरवायची. बंद मात्र करायचा नाही. मला आधी वाटायचं, की दुखलं म्हणजे कूर्चेचा अजून एक पापुद्रा गेला. त्या भीतीपोटी मी चालणंही कमी केलं होतं आणि मांडी बारीक होण्यात त्याचाही वाटा असणार. भाराविना राहिलेल्या गुडघ्याची कूर्चा उलट पातळ होते. घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर काही आठवडे पायावर पूर्ण भार न टाकलेल्यांत ते मोजून पाहिलेलं आहे. तिने मला एक आकडेवारीही ऐकवली. खुबा आणि गुडघ्याची झीज हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली होती. धावल्यामुळेच झीज कमी झाली असं यावरून सिद्ध होत नाही. तरी बसून राहिल्याने गुडघा वाचतो, या समजुतीला सुरुंग लागतोच.

व्यायामांची नावं सगळीकडे मिळतात. त्यांचे कोन मात्र फारसे कुणी सांगत नाही. पाऊल जमिनीवर असताना, म्हणजे भिंतीला टेकून बैठकीत, गुडघा जितका जास्त वाकेल तितका वाटीवरचा दाब वाढतो. म्हणून सुरुवातीला पंचेचाळीस अंशांच्या पुढे जायचं नाही. खुर्चीत बसून घोट्याला वजन बांधून पाय वर करताना नेमकं उलटं होतं. पाय सरळ होत येतो तसा दाब वाढतो. म्हणून नव्वदपासून पंचेचाळीसपर्यंतच उचलायचा आणि तिथून परत. व्यायाम तेच, फक्त दुखरा टप्पा वगळायचा. मला या एका गोष्टीने इतका फरक पडला की आधी निष्फळ वाटलेले व्यायाम पुन्हा सुरू करावेसे वाटले. कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलत पूल करणं, टाचा उचलणं हे नितंब आणि पोटऱ्यांसाठी. सायकल चालवताना सीट उंच, पायडल हलकं.

सगळ्यात जास्त वेळ गेला पायरीवरून खाली उतरण्यात. दहा सेंटिमीटर उंचीची पायरी आणि समोर आरसा. उजवा पाय पायरीवर, डाव्याची टाच हळूहळू जमिनीला लावायची आणि परत वर. सोपं वाटतं. आरशात पाहिलं तर उजवी वाटी अंगठ्याच्याही आत झुकत होती आणि डावीकडचा कमरेचा कोपरा खाली पडत होता. गुडघा आत झुकला की मांडीचं हाड वाटीखाली फिरतं आणि वाटी खोबणीच्या बाहेरच्या काठावर घासते. "वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, ताई. आणि गुडघ्याकडे बघू नका, कमरेकडे बघा." कमरेकडे बघितल्यावर गुडघा आपोआप रेषेत यायला लागला. तिने आकडे मोजायला लावले: खाली जाताना तीन, वर येताना एक. घाई केली की वाटी लगेच आत.

काही आठवड्यांत जिने सोपे झाले आणि आम्ही लगेच डोंगर चढायला गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. डोंगराला तिने ठाम नकार दिला. नंतर घरातलं सामान दोन मजले खाली उतरवायचं काम निघालं, ते काही टाळण्याजोगं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात फिरवून पाहिला तर लाट हजर. पहिल्या वेळी असं काही झालं असतं तर मी महिनाभर पलंगाला खिळले असते. या वेळी पुन्हा टॉवेलपासून सुरुवात केली, जिने निम्मे केले आणि पाणी उतरल्यावर आधीच्या पायरीवर परत गेले. असे भडके अधूनमधून येतात आणि दर वेळी सूज उतरायला थोडा वेळ लागतो. पहिल्या आजारपणाइतकी मागे मी एकदाही गेले नाही.

कुरकुर अजून आहे. फिजिओथेरपिस्टच्या मते दुखणं आणि सूज नसेल तर आवाजाला किंमत द्यायची नाही. कित्येक धडधाकट गुडघे वाजतात. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची: गुडघा मध्येच अडकून सरळच न होणं, पाय अचानक सुटून खाली बसायला होणं, काही तासांत टम्म फुगणं, लाल-गरम होऊन ताप येणं, पायावर भारच न टाकता येणं. यातलं काही झालं तर व्यायामाची वही बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जायचं.

मधे एकदा मी पुन्हा एमआरआय काढायचा का असं विचारलं होतं. खड्डा वाढला की तेवढाच आहे, ही उत्सुकता होतीच. डॉक्टर म्हणाले, "वाढलेला दिसला तर तुम्ही काय वेगळं कराल?" काही नाही. "आणि तेवढाच दिसला तर?" तेव्हाही काही नाही. एमआरआय राहिला.

जिना आता कठड्याला हात न लावता उतरते. बराच वेळ बसल्यावर उठताना पहिलं पाऊल अजून जरा आखडतं, म्हणून अधूनमधून पाय लांब करून बसते. पूर्ण उकिडवं बसता येतं, पण तिथे फार थांबत नाही. ती बैठक आता या गुडघ्याच्या कामाची नाही असं मी धरून चालले आहे आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. डोंगराची परवानगी मिळाली आहे, उतरताना काठ्या घ्यायच्या आणि पावलं आखूड टाकायची या अटीवर. व्यायामाची पायरी वीस सेंटिमीटरची झाली आहे. शेवटच्या काही आवर्तनांत उजवी वाटी आरशात अजून आत झुकते, आणि ती झुकायला लागली की त्या दिवसाचा व्यायाम तिथेच थांबवायचा असं आमचं ठरलं आहे.